मिलिंदच्या नावापुढची हयगय

मिलिंद, आधी तुझ्यावर ओरडून घेते, मग बाकीचं. छातीत दुखायला लागलं की माणसानं दवाखाना गाठायचा असतो. कळंबच्या फाट्यावर एसटीची वाट बघत, जिरं चावत बसायचं नसतं. "पित्त झालंय" म्हणालास म्हणे चहावाल्याला. कुणी सांगितला होता तुला हा शहाणपणा? एसटी आली, सगळे चढले, कंडक्टरनं तुला दोन हाका मारल्या आणि तू बाकावर बसूनच राहिलास. छत्तीस वर्षांचा माणूस असा जातो का रे? मला फोन आला तेव्हा मी गेटवरच्या माणसाला झापलं होतं, नीट नाव विचारून घे, आपल्याकडे दोन मिलिंद आहेत म्हणून. दोन कुठले? एकच होतास.

आज नऊ दिवस झाले. काल सांगवीला तुझ्या घरी तुझ्यासाठी पुण्यानुमोदनाचा विधी झाला आणि तिथं जे झालं ते तुला सांगायचं आहे. पण ते सांगायला मला दीड वर्ष मागं जावं लागणार, आणि ते सगळं तुला माझ्याहून जास्त माहीत आहे. तरी ऐक. मी बोलायला लागले की तू "ताई, मुद्द्याचं" म्हणायचास. आज म्हणू नकोस.

आपल्या साखर कारखान्यात सगळे कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारा तो स्विच आला, तेव्हा आठवतंय, गेटवरच्या हवालदारानं खोक्यावरचं नाव वाचून विचारलं होतं, "ताई, एवढ्या मोठ्या खोक्यात एकच बटन?" तू हसून हसून खाली बसलास. मग तूच त्याला समजावलंस, "बटन न्हाय हो. ह्याला चौक समजा. काट्यावरनं वजन येणार, हपिसातनं हिशेब येणार, लॅबमधनं साखरेचा उतारा येणार, आन् ह्यो चौकातला पोलीस, कुनाला कुठं जायचं ते सांगनार." मी कॉम्प्युटर विभागाची प्रमुख, माझ्या टेबलावर मॅन्युअलं रचलेली, आणि मला इतकं सोपं कधी सांगता आलं नव्हतं. तू समोर नसताना मी तेच वाक्य संचालकांच्या मीटिंगमध्ये वापरलं. तुझं नाव घेतलं नाही. हेही आत्ताच सांगून टाकते.

मिलहाउसच्या शेजारच्या खोलीत पॅनेल बसवलं. खालच्या ओळीत आठ धिमी, दहा मेगाबिटची पोर्टं, म्हणजे केबलचा प्लग घालायची तोंडं. लॅब, स्टोअर, बॉयलर वगैरेंच्या आठही केबली तिथं आधीच लागल्या होत्या. वरच्या अंगाला दोन वेगाची पोर्टं, शंभराची. एक हपिसासाठी, एक वजनकाट्यासाठी. त्या दोन केबली अजून ओढायच्या होत्या, म्हणून ती दोन तोंडं तेवढी उघडी होती.

आपलं पहिलं भांडण त्या शंभरावरूनच. तू म्हणायचास, "ताई, दहावर झकास पळतंय की. गाडी येती बैलाची, आन् वजन जायला शंभराचा स्पीड पायजे व्हय?" मी म्हणायचे, अरे बाबा, पुढं काय काय येणार आहे तुला काय ठाऊक. तू म्हणायचास, पुढचं ऱ्हाऊ द्या, दोन हजार साल लागलं की तुमचे सगळे कॉम्प्युटर बंद पडणार म्हणत्यात, तवा बघू कोण खरं. मी म्हणाले, लाव पैज. आजपासून अजून दहा महिने आहेत दोन हजार सालाला. आता ही पैज मी कुणाशी घेऊ?

तेव्हा खंडेनवमी आली. कारखान्यात त्या दिवशी सगळ्या यंत्रांची पूजा. बॉयलर, मिल, काटा, अगदी स्टोअरमधल्या पान्यांचीसुद्धा. आमच्या विभागाच्या पूजेला मला पुढं केलं. "ताई सवाष्ण हाईत, त्यांच्याच हातनं होऊ द्या." तू दाराशी उभा होतास. तू पूजेत कधी येत नसायचास आणि तुला कुणी बोलवतही नसे. पण ताट धरायला माणूस कमी पडला तेव्हा तू पुढं होऊन ताट धरलंस. मला वाटतं त्या खोलीत त्या दिवशी मी काय केलं ते नीट पाहिलेला तू एकटाच होतास.

आमच्या ह्यांचं हृदयाचं ऑपरेशन पुण्याला दोन दिवसांवर होतं. डॉक्टरांनी मला एकटीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, सांगता येत नाही. मी रजा टाकून निघणारच होते, पण पूजा करून जाते म्हणाले. आणि मिलिंद, मी त्या दिवशी यंत्राची पूजा केलीच नाही. मी ह्यांच्यासाठी केली. एकही जागा सोडायची नाही असं डोक्यात बसलं. मॉनिटरला कुंकू, कीबोर्डला कुंकू, पॅनेलला कुंकू, आणि त्या स्विचची दोन उघडी तोंडं दिसली तर त्यांतही ओलं बोट घालून हळद लावली, कुंकू लावलं, अक्षता टाकल्या. दोन्ही तोंडांत. मनात एकच, सगळं नीट होऊ दे, सगळं नीट होऊ दे. तू ताट धरून होतास आणि माझ्याकडं बघत होतास. मला वाटलं, नास्तिक माणूस, मनात हसत असेल. एवढीच माझी अक्कल.

ह्यांचं ऑपरेशन नीट झालं. महिनाभर मी पुणे-बारामती करत होते. त्या महिन्यात तू रोज संध्याकाळी सांगवीला जाताना वाट वाकडी करून आमच्या घरी जायचास, सासूबाईंना काय हवं नको विचारायला. पहिल्या दिवशी त्यांनी तुला चहा वेगळ्या कपातून दिला. हे मला शेजारणीनं सांगितलं. तू प्यायलास आणि कप विसळून ठेवलास. मी सासूबाईंना काही बोलले नाही, तुलाही नाही. ऑपरेशनच्या गडबडीत कुठं वाद घालायचा, असं मनाला सांगितलं. महिना संपता संपता त्याच सासूबाई तुझ्यासाठी धपाटी करून ठेवायला लागल्या, तेव्हा मला बरं वाटलं, जसं काही ते मीच घडवून आणलं होतं.

त्याच महिन्यात तू त्या दोन केबली ओढल्यास. टोकाला प्लग बसवायचं काम तुझंच. आठ तारा सरळ करायच्या, एका रेषेत कापायच्या, रंग ओळीनं लावायचे. तू पाढे म्हटल्यासारखे रंग म्हणायचास, पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा. पुण्याच्या कंपनीचा इंजिनीअर एकदा म्हणाला होता की इतकं स्वच्छ काम त्यानं पुण्यातसुद्धा बघितलं नाही. तुझी छाती तेव्हा अशी फुगली होती की गावडे फिटर म्हणाला, "बटनं तुटतील रं शर्टाची."

आणि मग हंगाम सुरू झाला. उसाची मोळी पडली, मिल फिरायला लागली आणि तो हिरवा दिवा नाचायला लागला. लागायचा, जायचा, लागायचा, जायचा. दिवा लागला की काट्याचं वजन हपिसात पोचायचं, गेला की अडकायचं. मिल बंद असली की जरा बरं, मिल सुरू झाली की पुन्हा तेच. काट्यावर गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली. बैल उन्हात, माणसं शिव्या देतायत, पहिल्या आठवड्यात संचालकांचे फोन. आपले चीफ इंजिनीअरसाहेब दर तासाला मला बोलवायचे आणि मी तिथून निघून थेट तुझ्यावर यायचे.

काय काय नाही केलंस तू. मोटारींच्या जाड केबलीपासून आपली केबल लांब नेलीस. अर्थिंग तपासलंस. केबलची लांबी पावलांनी मोजलीस, मग टेपनं मोजलीस. मी मॅन्युअल वाचून म्हणाले, दोन्ही टोकं आपोआप वेग ठरवतायत, ते बंद कर, हातानं शंभरावर बांध. तू म्हणालास, बांधतो, पर दोन्हीकडं बांधाया लागंल, एकच बाजू बांधली तर दुसरी गोंधळंल. मी ऐकलं नाही, एकच बांधली, आणि खरंच आणखी बिघडलं. "सांगितलं हुतं का न्हाय?" म्हणालास. मी तुला तिथंच फाडफाड बोलले. दोन्हीकडं बांधलं तरी दिवा नाचायचा तो नाचतच होता. तू प्लग कापून नवे बसवलेस. पुन्हा कापलेस. दहा वेळा तरी. तुझ्या अंगठ्याला फोड आला होता.

मग खालच्या धिम्या पोर्टातली लॅबची केबल काढून तिथं हीच केबल घालून बघितली आणि काम निमूट चालायला लागलं. दिवा ठार स्थिर. वर शंभरावर घातली की पुन्हा नाच. पुण्याचा इंजिनीअर आला, त्यानं स्विचची आतली चाचणी घेतली, पास. मग तो म्हणाला, धिम्याला चालते आणि वेगाला चालत नाही म्हणजे केबलच्या जोडणीतच दोष. वेगाला जोडणी फार नेमकी लागते. ऐकायला अगदी बरोबर होतं. प्लग काढायचा, दिवा बघायचा, प्लग घालायचा, हेच आम्ही सगळे करत होतो. त्या तोंडात बॅटरी मारून कुणीच बघितलं नाही. नवं कोरं यंत्र, त्यात काय बघायचं?

मी तुला सगळ्यांसमोर म्हणाले, "हात आहेत की पाय तुला?" तू हसलास. गावडे नाही हसला. तेव्हाच माझी जीभ झडायला हवी होती.

चीफसाहेबांनी लेखी रिपोर्ट मागितला. इंजिनीअरनं तोंडी सांगितलं, "केबलच्या टोकांची जोडणी सदोष." तेवढंच. मी लिहायला बसले. पुण्याहून सकाळी आले होते, झोप नाही, ह्यांना ताप चढलेला, आणि डोक्यात राग. माझ्या पेनातून पुढचे शब्द आले ते माझे होते, कुणी सांगितले नव्हते. "जोडणी करणाऱ्या हंगामी कर्मचाऱ्याच्या हयगयीमुळे." सही केली आणि पाठवून दिला.

हयगय. अरे, हा शब्द मला सुचलाच कसा? दहा वेळा प्लग कापून नवे बसवणाऱ्या माणसाला?

तिसऱ्या दिवशी तू सकाळी लवकर येऊन काहीतरी केलंस आणि दिवा बसला. मिल जोरात, दिवा स्थिर. हपिसात टाळ्या वाजल्या. मी तुला विचारलं, काय सापडलं? तू माझ्याकडं न बघता हत्यारं पुसत म्हणालास, "माझ्याच हाताची चूक हुती ताई. परत नीट जोडली." मी म्हणाले, बघ, मी म्हणत नव्हते? टेबलावर स्पिरिटची बाटली आणि एक जुना टूथब्रश पडला होता. मी बघितला आणि म्हणाले, हा कचरा उचल.

त्या वर्षी कायम करायच्या लोकांची यादी निघाली. नऊ हंगाम काम केलेला तू, तुझं नाव यादीत वरच होतं. रिपोर्टातला शेरा तुझ्या फायलीत लागला होता, म्हणून ते खोडलं. तू म्हणालास, "पुढल्या साली." मी म्हणाले, होईल रे. मनापासूनच म्हणाले. मला तेव्हा खरंच वाटत होतं की चूक तुझी होती आणि मी मोठ्या मनानं तुला माफ केलं आहे.

आता पुढचं मात्र तुला माहीत नाही असं मी काल दुपारपर्यंत धरून चालले होते.

मग पुढची खंडेनवमी आली. मी ताट घेऊन त्या खोलीत गेले. ह्यांची तब्येत छान, मी नवी साडी नेसलेले. पॅनेल उघडलं तर हंगामाआधीच्या सफाईसाठी केबली काढून ठेवलेल्या आणि स्विचच्या प्रत्येक रिकाम्या तोंडावर काळी चिकटपट्टी लावलेली. नीट कापून, मापात. तू दाराशी होतास. म्हणालास, "ताई, वरनं लावा कुंकू. पत्र्याला." इतकंच. आणि लगेच बाहेर बघायला लागलास.

मी त्या पट्ट्यांकडं बघितलं. मग तो टूथब्रश आठवला. स्पिरिट आठवलं. माझं ओलं बोट आठवलं. माझ्या हातातलं ताट कललं, निरांजन विझलं आणि गावडेनं ते पुन्हा लावलं. गेल्या साली एका पोर्टातल्या बारीक पिनांवर माझ्या कुंकवाचा चिकट थर बसला असणार, आणि दुसऱ्या तोंडात तळाला अक्षता अडकल्या असणार. प्लग पूर्ण बसतच नव्हता. मिल हलली की तो हलायचा. धिम्या पोर्टांत माझं बोट गेलंच नव्हतं, कारण तिथं आधीच केबली होत्या. सगळं कसं लख्ख दिसलं. इंजिनीअरला दिसलं नाही, मॅन्युअलात नव्हतं. पत्र्याला कुंकू लावताना मला सगळं कळलं होतं आणि मी वर बघितलं नाही.

त्या दिवशी मी तुला का बोलले नाही? चांगलं कारण शोधून ठेवलं होतं. या कारखान्यात विभागाची प्रमुख झालेली पहिली बाई मी. "बाईच्या हातात मशीन दिलं, तिनं त्याला हळदीकुंकू केलं," हे कँटीनमध्ये वर्षभर चघळलं गेलं असतं. खरं असतं म्हणून जास्तच चघळलं गेलं असतं. मी स्वतःला सांगितलं, मिलिंदला एकट्यात सांगू, मग दोघं मिळून रिपोर्टाचं काय ते बघू. आज नको, उद्या.

एकदा कँटीनमध्ये चहा घेताना मी म्हणाले, "मिलिंद, तुझ्याशी जरा बोलायचं होतं." तू कप खाली ठेवलास. भरलेला कप खाली ठेवून बसलास. तेवढ्यात गावडे आला आणि मी म्हणाले, ते स्टोअरच्या प्रिंटरचं. एकदा मोरगावला गेले होते, ह्यांच्यासाठी बोललेला नवस फेडायला. येताना तू एसटीत भेटलास, माझ्या शेजारी बसलास. प्रसादाचा पेढा दिला, तू खाल्लास. मोरगावपासून बारामतीपर्यंत एवढा वेळ होता. मी ह्यांच्या गोळ्यांबद्दल बोलले. आणि परवाच, जायच्या आदल्या आठवड्यात, तू आपणहून म्हणालास, "ताई, कायमची यादी निघनार हाय म्हणं." मी म्हणाले, "होईल रे या खेपेला." तू म्हणालास, "व्हय." आणखी काहीतरी बोलशील म्हणून मी थांबले. तूही थांबलास. मग फोन वाजला.

मिलिंद, भित्रेपणाला कारणं फार पटकन सापडतात रे. मी आयुष्यभर तोंडाळ म्हणून ओळखली गेले. सासूला, साहेबाला, पुण्याच्या डॉक्टरला, कुणाला भ्याले नाही. आणि एक वाक्य, "माझी चूक होती", ते माझ्याच्यानं तुझ्यासमोर निघालं नाही.

काल सांगवीला आले. अंगणात मांडव, पांढऱ्या कपड्यातली माणसं, बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो, मेणबत्त्या. बौद्धाचार्यांनी त्रिसरण-पंचशील घेतलं. मग लोक बोलायला उठले. तुझ्या वर्गातला मित्र, तुझा चुलता. कारखान्याच्या वतीनं चीफसाहेब उठले. चांगलं बोलले. म्हणाले, कष्टाळू, प्रामाणिक, कधी तक्रार नाही. आणि मग म्हणाले, "एक ती केबलची चूक सोडली, तर मिलिंदच्या कामात नाव ठेवायला जागा नव्हती."

तुझा मुलगा पुढंच बसला होता. त्यानं मान खाली घातली. तुझी बायको सुजाता भिंतीला टेकून होती, तिनं डोळे मिटून घेतले.

मी कधी उठले मला कळलं नाही. उभी राहिले आणि म्हणाले, "साहेब, ती चूक त्याची नव्हती. माझी होती." सगळे बघायला लागले. मी सांगितलं सगळं. खंडेनवमी, ओलं बोट, कुंकू, अक्षता, टूथब्रश, पट्ट्या. "हयगय हा शब्द मी लिहिला, मनानं लिहिला. आणि दसऱ्यापासून मला माहीत होतं. पाच महिने माहीत होतं." कुणी हसलं नाही. ज्याची मला इतकी भीती वाटत होती ते हसू कुणाच्या चेहऱ्यावर आलंच नाही. चीफसाहेब खाली बघून म्हणाले, "लेखी द्या मॅडम, आपण बघू." मी लेखी घेऊनच आले होते, पर्समध्ये. तो कागद मी तू गेलास त्या रात्रीच लिहिला होता. त्याच्या आधी लिहिला असता तर यादीत तुझं नाव असतं. कायम माणूस गेला की घरातल्या एकाला कारखान्यात घेतात. हंगामी गेला की हार घेऊन येतात. सुजाताला आता कुणी घेईल का, मला माहीत नाही. मी त्यांच्या मागं लागणार आहे, जोपर्यंत ते मला कंटाळत नाहीत, आणि कंटाळल्यावरसुद्धा. पण ते काही भरून येणं नव्हे.

लोक जेवायला बसले. मी मागच्या पडवीत जाऊन बसले होते, तोंड दाखवायला जागा नव्हती. सुजाता पाण्याचा तांब्या घेऊन आली. माझ्या शेजारी खाली बसली. मी म्हणाले, सुजाता, मला माफ कर असं म्हणायचंही माझं तोंड नाही.

ती म्हणाली, "ताई, आमाला म्हाईत हुतं. त्यांनी ज्या दिशी ते साफ केलं त्याच दिशी घरी येऊन सांगितलं."

मी विचारलं, मग तो बोलला का नाही? नऊ हंगाम, कायमची नोकरी, त्यानं का सोसलं?

"मीबी तेच भांडले की. मी म्हणलं, साहेबाला जाऊन सांगा. तर म्हणाले, ताईंचा मालक दवाखान्यात हाय. त्यांच्या कुंकवाला बोल कसा लावू? त्या मोडतील." सुजाता पदरानं तोंड पुसत होती. "आन् दुसरं म्हणाले, मी बौद्ध मानूस. पूजेनं मशीन बिघडलं असं मी म्हणलो, तर मशिनीचं ऱ्हाईल बाजूला."

तिनं तांब्या माझ्याकडं सरकवला.

"मग तुमचे मालक बरे झाले तवा मी पुन्यांदा म्हणलं, आता तरी सांगा. दसऱ्याला त्या पट्ट्या लावून आले आन् म्हणाले, आज ताईंना कळलं. आता मी काय बोलायचं न्हाय आन् तूबी कुठं बोलायचं न्हाय. त्या आपनहून सांगतील. मी म्हणलं, कशावरनं?"

मांडवात कुणीतरी तिला हाक मारली, तिनं आले म्हणून हात केला.

"तर म्हणाले, ताई तशाच हाईत."

मिलिंद, मी तशी नव्हते रे.